इंग्लिश घराण्याचा माग: जुन्या नोंदी कुठे शोधायच्या आणि कशा वाचायच्या

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की ते नामावळी उघडून मागच्या कितीतरी पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. इंग्लंडमधल्या सामान्य कुटुंबाची अशी तयार नामावळी कुणाकडेच नसते. कागद भरपूर आहेत, पण ते घराण्यासाठी लिहिलेले नाहीत. पाद्र्याने ते धर्मकार्याची नोंद म्हणून लिहिले, सरकारने लोक मोजायला, न्यायाधीशांनी एखाद्या गरिबाला कोणत्या गावाने पोसायचं हे ठरवायला. म्हणून कोणताही कागद हाती आला की आधी दोन गोष्टी विचारायच्या: हा कशासाठी लिहिला आणि यातली माहिती कुणी सांगितली? वय मुलाच्या आईने सांगितलं की शेजाऱ्याने, यावर त्या वयाची किंमत ठरते.

मराठी वाचकाला याची गरज अनेक कारणांनी पडते. मुंबई-पुण्याच्या जुन्या दफनभूमीतल्या थडग्यावरचं नाव, तालुक्याच्या इतिहासात भेटणारा कलेक्टर किंवा इंजिनिअर, अँग्लो-इंडियन कुटुंबातले पणजोबा, लग्न होऊन इंग्लंडला गेलेल्या मुलीच्या सासरचं घराणं. कारण कोणतंही असो, पद्धत एकच: आज पक्कं माहीत असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे सरकायचं. आडनाव सारखं आहे म्हणून एखादा सरदार पकडून त्याच्यापासून खाली उतरत आपल्यापर्यंत यायचा मोह सगळ्यांना होतो. त्यातून वंशावळ तयार होतेही, फक्त ती दुसऱ्याच कुणाची तरी असते.

1837 नंतरचे दाखले

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे आणि ती 1855 पासूनची. तिथला माणूस इंग्लंडच्या इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदींच्या नामसूचीत, शोधत बसू नये.

इंडेक्स तिमाहीवार आहे: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. तिमाही धरली जाते ती नोंदणीच्या तारखेची. जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबर 1860 मध्ये जन्मलेलं मूल मार्च 1861 च्या तिमाहीत सापडणं अगदी नेहमीचं. मुदत उलटून गेलेले आईबाप कधीकधी जन्मतारीखच पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्म्याची तारीख दाखल्यावरच्या जन्मतारखेच्या आधीची निघाली, तर बहुतेक हेच कारण. 1875 पर्यंत नोंद करण्याची सक्ती आईबापांवर नीटशी नव्हती. त्यामुळे सुरुवातीच्या दशकांतले काही जन्म इंडेक्समध्ये मुळात नाहीतच.

सरकारी नोंदणी कार्यालयाच्या आजच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये जन्मनोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव 1837 पासून दिलेलं आहे. जुन्या छापील इंडेक्समध्ये ते 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच होतं. या एका रकान्याने शोध फार सोपा केला. तो रकाना रिकामा असेल, तर आई बहुधा अविवाहित होती आणि मुलाला तिचंच आडनाव लागलं. लग्नांसाठी फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांनी उभी केलेली फुकट साइट पुरते. 1912 पूर्वीच्या लग्नांच्या इंडेक्समध्ये जोडीदाराचं आडनाव दिसत नाही. तिथे खंड आणि पान क्रमांक जुळवावा लागतो. एका पानावर साधारण दोन ते चार लग्नं असतात, त्यामुळे पान जुळलं म्हणजे ते दोघं एकमेकांचेच, असं धरून चालायचं नाही. दाखला मागवूनच खात्री करावी.

दाखल्यांत सर्वांत उपयोगी लग्नाचा, कारण त्यावर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात. (आयांची नावं यायला मे 2021 उजाडावा लागला.) त्यातही खाचखळगे आहेत. वयाच्या जागी नुसतं ‘सज्ञान’ लिहिलेलं असेल, तर अर्थ एवढाच की 21 किंवा जास्त. वडिलांच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलेलं नाही, म्हणजे ते हयात होते असं होत नाही. बिनलग्नाचं मूल म्हणून जन्मलेला नवरदेव चारचौघांत तो रकाना मोकळा ठेवायला लाजे आणि आजोबांचं किंवा साफ कल्पित नाव सांगून मोकळा होई. मृत्यूच्या दाखल्यावर आईबाप नसतात. तिथे माहिती देणाऱ्याचं नाव आणि मृताशी नातं पाहायचं, कारण ती बऱ्याचदा लग्न झालेली लेक असते आणि तिचं सासरचं आडनाव फुकटात मिळतं. जन्माच्या दाखल्यावर तारखेशेजारी जन्मवेळ लिहिलेली दिसली, तर जुळं होतं का हे तपासावं. इंग्लंडमध्ये एकट्या मुलाची वेळ सहसा लिहीत नसत.

आपल्याला सरकारी नोंदणी कार्यालयाकडून मिळतो तो दाखला नकलेवरून बनलेला असतो. स्थानिक निबंधक दर तिमाहीला नोंदी उतरवून पाठवत आणि उतरवताना चुका होत. अक्षर किंवा नाव खटकलं, तर त्या जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयातली मूळ वही, किंवा लग्न चर्चमध्ये झालं असेल तर चर्चची नोंदवही पाहावी. नवरा-नवरीच्या खऱ्या सह्या, किंवा सही येत नसेल तर फुली, त्या मूळ पानावरच असतात.

कायदेशीर दत्तकविधान इंग्लंडमध्ये 1 जानेवारी 1927 पासून आहे. त्याआधी मूल वाढवायला दिलं-घेतलं जाई, कागद होत नसे.

जनगणना: त्या एका रात्री कोण कुठे झोपलं

इंग्लंडची जनगणना 1801 पासून दर दहा वर्षांनी होते, पण माणसांची नावं देशभर पद्धतशीरपणे लिहिली गेली ती 6 जून 1841 पासून. त्या वर्षीच्या नोंदी अर्धवट आहेत. 15 वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पाढ्यात खाली आणायची सूचना होती, म्हणजे 44 वर्षांचा माणूस 40 चा दिसतो. कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं नाही आणि जन्मस्थळापुढे ‘याच काउंटीत का’ एवढंच हो-नाही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). 30 मार्च 1851 पासून मात्र नातं, वैवाहिक स्थिती आणि जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, मिळते. मग दर दशकाला त्याच माणसाला पुन्हा गाठायचं: 1861, 1871, असं 1921 पर्यंत.

1901 पर्यंतची पानं घरमालकाच्या हातची नाहीत. प्रगणकाने घरोघरचे कागद गोळा करून वहीत उतरवले आणि मूळ कागद पुढे नष्ट झाले. तेव्हा बरीच माणसं निरक्षर होती, आणि प्रगणकाने आडनाव कानाला लागलं तसं लिहिलं. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळणाऱ्या भागात हॉकिन्स हा ऑकिन्स होतो. त्यावर आजच्या काळात इंडेक्स करणाऱ्याने अक्षर चुकीचं वाचलं की तिसरंच आडनाव. माणूस सापडत नसेल, तर आडनाव सोडून द्यावं आणि नाव, अंदाजे वय आणि जन्मगाव एवढ्यावर शोधावं. नाही तर घरातल्या सर्वांत दुर्मीळ नावाच्या मुलाला शोधावं. मेरी शेकडो असतात, केझिया एखादीच.

वयात दोन-तीन वर्षांचा फरक क्षम्य माना. जन्मगाव दर दशकात बदलत असेल, तर लहानपणचं उत्तर जास्त विश्वासाचं, कारण ते आईने सांगितलेलं असतं. मोठेपणी माणूस जिथे वाढला तेच जन्मगाव म्हणून सांगतो. नात्यांच्या बाबतीत एक सापळा आहे: त्या काळच्या इंग्रजीत ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई तर होताच, पण सावत्र मुलगाही होता. आठ वर्षांचा ‘जावई’ दिसला तर घाबरू नये, घरधनिणीचं हे दुसरं लग्न आहे एवढंच समजावं.

1911 चा तक्ता कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला आहे. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती जगली, किती गेली, हेही त्यात आहे. हा प्रश्न नवरा हयात असलेल्या बायकांनाच होता, पण विधवा-विधुरांनीही भाबडेपणाने उत्तरं लिहिली. कारकुनाने ती खोडली खरी, तरी खालची अक्षरं वाचता येतात. दोन जनगणनांच्या मधे जन्मून मेलेलं मूल या आकड्यामुळेच कळतं.

1931 ची जनगणना डिसेंबर 1942 मधल्या आगीत जळाली, आणि 1941 ची युद्धामुळे झालीच नाही. ही पोकळी 29 सप्टेंबर 1939 ला ओळखपत्रांसाठी केलेली नोंदवही भरून काढते. तीत पूर्ण जन्मतारीख आहे. पुढे ही वही आरोग्यसेवेसाठी वापरात राहिली, त्यामुळे बायकांची नंतरची सासरची आडनावं वर खरडलेली सापडतात. सैन्यात असलेली माणसं मात्र तीत नाहीत.

नाव जुळलं म्हणून माणूस सापडला असं नाही

समजा, 1881 च्या जनगणनेत बोल्टन गावात 34 वर्षांचा जॉन टेलर आहे, बायको एलिझाबेथ, थोरला मुलगा नऊ वर्षांचा. जॉनचा जन्म 1846-47 चा. लगेच जन्माचा इंडेक्स उघडला तर लँकेशायरमध्ये जॉन टेलरांची रांग लागेल आणि त्यातला कोणता आपला हे सांगता येणार नाही.

म्हणून वळसा घ्यायचा. आधी थोरल्या मुलाचा जन्मदाखला मागवायचा. त्यावर आई ‘एलिझाबेथ टेलर, पूर्वीची होल्डन’ अशी सापडली, तर टेलर आणि होल्डन एकाच पानावर असलेलं 1872 पूर्वीचं लग्न शोधायचं. लग्नाचा दाखला सांगेल की जॉनचे वडील थॉमस, धंदा विणकाम. आता 1851 च्या जनगणनेत विणकर थॉमस टेलरच्या घरी चार वर्षांचा जॉन पाहायचा. तिथून आईचं नाव मिळालं की मग जन्माचा इंडेक्स. असे दोन थॉमस निघाले, तर दोघांच्याही जॉनला पुढे चालवत न्यायचं. एक जॉन सहाव्या वर्षी पुरलेला निघेल, किंवा 1881 मध्ये दुसऱ्याच बायकोसोबत दुसऱ्या गावात. तो बाद. नको असलेल्या उमेदवाराला असं पुराव्याने काढून टाकणं हेच यातलं खरं काम आहे, आणि बरेच जण तेच टाळतात. इंटरनेटवर फिरणाऱ्या वंशावळींत दोन वर्षांचं होऊन वारलेलं मूल दहा मुलांचा बाप झालेलं दिसतं ते त्यामुळेच. धाकट्या भावंडाला मेलेल्या थोरल्याचंच नाव ठेवायची रीत होती, हेही लक्षात असू द्यावं.

काय शोधलं आणि सापडलं नाही, तेही लिहून ठेवावं. कोणत्या पॅरिशची वही, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणती स्पेलिंग. नाही तर वर्षाने तीच पानं पुन्हा उलटली जातात.

1837 च्या आधी: पॅरिशच्या वह्या

इथून पुढे सरकार मागे पडतं आणि चर्च पुढे येतं. 1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. इंग्लंडमध्ये अशा पॅरिश दहा हजारांहून जास्त. सुरुवातीच्या बऱ्याच वह्या साध्या कागदाच्या होत्या. 1598 मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायचं ठरलं, पण एलिझाबेथ राणी 1558 मध्ये गादीवर आली तेव्हापासूनचं उतरवलं तरी चालेल अशी सवलत मिळाली. म्हणून कितीतरी वह्या 1558 पासूनच सुरू होतात. त्याच सुमारास दरवर्षी वहीची एक नक्कल बिशपकडे पाठवायचा नियम झाला. मूळ पान उंदरांनी खाल्लं असेल किंवा ओलीने गेलं असेल, तर ही बिशपची नक्कल हात देते. मूळ शाबूत असलं तरी नक्कल पाहावी, कधीकधी तीत एखादा शब्द जास्त असतो. 1642 ते 1660 या यादवी आणि प्रजासत्ताकाच्या काळात बऱ्याच पॅरिशमध्ये खंड आहे.

वहीत काय मिळेल हे सालावर अवलंबून. सतराव्या शतकात ‘विल्यमचा मुलगा जॉन’ इतकंच असू शकतं, आईचं नावही नाही. 25 मार्च 1754 पासून लग्नाची नोंद वेगळ्या वहीत होऊ लागली, तीत वर-वधू आणि साक्षीदार यांच्या सह्या आल्या. त्याआधीची चोरटी लग्नं, विशेषतः लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात झालेली, वेगळ्या वह्यांत आहेत. 1754 ते 1837 या काळात ज्यू आणि क्वेकर सोडून बाकी सगळ्यांना सरकारमान्य चर्चमध्येच लग्न करावं लागे. त्यामुळे कॅथलिक किंवा बाप्टिस्ट घराण्याचंही लग्न तिथेच शोधावं. 1 जानेवारी 1813 पासून बाप्तिस्मा आणि दफन यांना छापील रकाने मिळाले: बाप्तिस्म्याला राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा, दफनाला वय. एकाच गावात तीन विल्यम असले, तर धंद्यावरून वेगळे काढता येतात.

बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख समजू नये. बहुतेकदा अंतर काही आठवड्यांचं असतं, पण चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेलाही दिसतो. 1783 ते 1794 या काळात दर नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना माफी होती. त्या वर्षांत बाप्तिस्मे घटलेले आणि गावात ‘गरीब’ एकाएकी वाढलेले दिसले, तर नवल नाही.

सर्वांत फसवी गोष्ट पंचांगाची. 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे वहीत आईबापांचं लग्न 20 जून 1723 ला आणि मुलाचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1723 ला दिसतो. मूल लग्नाआधीचं, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. प्रत्यक्षात त्या हिशेबात फेब्रुवारी 1723 हा जून 1723 च्या नंतर येतो, आणि बाप्तिस्मा लग्नानंतर पावणेआठ महिन्यांनी झाला इतकंच. अशी तारीख 1723/4 अशी लिहायची, म्हणजे घोटाळा होत नाही. 1752 मध्येच 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला. मधले दिवस वहीत शोधू नयेत.

जुन्या वह्यांत नावं लॅटिनमध्येही येतात: जेम्सचा जाकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. अक्षर वाचायला बसताना आधी वहीतली नेहमीची, ठरावीक वाक्यं वाचावीत आणि त्यावरून त्या पाद्र्याचं वळण ओळखावं. शब्दाच्या सुरुवातीला दोन छोटे ‘एफ’ दिसले की ते एक मोठं ‘एफ’ असतं.

गरीब आणि मृत्युपत्रवाले

उलटं वाटेल, पण अगदी गरीब माणूस कधीकधी मध्यमवर्गीयापेक्षा चांगला सापडतो. 1662 च्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर टाकली. माणूस दुसऱ्या गावात मदत मागायला आला की दोन न्यायाधीश त्याची जबानी घेत: जन्म कुठला, कुणाकडे वर्षभर चाकरी केली, धंदा शिकायला उमेदवारी कुठे केली, बायकामुलं किती. ज्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही त्याचं अर्धं चरित्र असं मिळतं. ही जबानी, परत पाठवणीचे हुकूम आणि अनौरस मुलाच्या पोटगीची हमीपत्रं काउंटी रेकॉर्ड ऑफिसमध्ये पॅरिशच्या दप्तरात असतात.

मृत्युपत्रं 12 जानेवारी 1858 पासून सरकारी न्यायालयाकडे आली. त्याची वर्षवार यादी ऑनलाइन आहे. त्याआधी ती चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत, आणि मालमत्ता कुठे आणि किती होती यावर न्यायालय ठरे. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयाची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नवरा असलेल्या बाईला 1882 च्या कायद्यापर्यंत स्वतःचं मृत्युपत्र सहसा करता येत नसे, म्हणून बायकांपैकी विधवा आणि अविवाहित यांचीच जास्त सापडतात. डेव्हन काउंटीच्या बाबतीत आशा बेताचीच ठेवावी: एक्सिटरमधला मृत्युपत्रांचा मोठा साठा 1942 च्या बॉम्बहल्ल्यात गेला. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सेवापत्रकांचीही तीच गत, निम्म्याहून जास्त 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली.

मुंबई इलाख्यातला माणूस

इकडे आलेल्या इंग्रजाचा शोध थडग्यापासून मागे करायचा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला पाद्री लंडनला पाठवत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत: बंगालची मालिका एन/1, मद्रासची एन/2, मुंबईची एन/3. प्रत्येक घटना तिथे पोचलीच असेल असं नाही, पण सुरुवात तिथूनच. आपल्याकडच्या उन्हामुळे दफन बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होई, त्यामुळे दफनाची तारीख मृत्यूच्या तारखेला इंग्लंडपेक्षा जवळची असते.

पुढचा प्रश्न: माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला की राणीच्या सैन्यातला? इथे चूक झाली की महिने वाया जातात, कारण कागद दोन वेगळ्या इमारतींत आहेत. राणीच्या पलटणीतला साधा शिपाई क्यूला शोधायचा. निवृत्तिवेतन मिळालेल्याला सैन्यातून मोकळं करताना दिलेल्या कागदावर, डब्ल्यूओ 97 या मालिकेत, जन्माची पॅरिश आणि भरतीचं वय असतं. कंपनीच्या मुंबई फौजेतल्या माणसाची हजेरीपत्रकं आणि नोंदणीपुस्तकं ब्रिटिश लायब्ररीत एल/एमआयएल/12 मध्ये. 1858 नंतर कंपनीच्या गोऱ्या पलटणी सरकारी सैन्यात गेल्या. उदाहरणार्थ, पहिली बॉम्बे फ्युझिलियर्स ही 103 वी पलटण झाली. त्यामुळे त्या सुमारासच्या शिपायाचे कागद दोन्हीकडे पाहावे लागतात.

कंपनीचा अधिकारी असेल तर काम बरंच हलकं. मुलकी नोकरीसाठी ‘रायटर’ (कनिष्ठ कारकून) म्हणून येणाऱ्याचा अर्ज जे/1 मालिकेत, फौजेत कॅडेट म्हणून येणाऱ्याचा एल/एमआयएल/9 मध्ये. वय सिद्ध करायला या अर्जांना सहसा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो, पॅरिशच्या नावासकट. ती पॅरिश कोणत्या काउंटीत येते ते पाहायचं, त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसच्या यादीत तिच्या वह्या कोणत्या सालापासून आहेत ते बघायचं, आणि भावंडांचे बाप्तिस्मे शोधण्यासाठी दहा वर्षं पुढची आणि दहा वर्षं मागची पानं मागवायची.